गालात धरलेला दात

बैलानं मान झटकली आणि त्याचं शिंग तुळशीरामच्या तोंडावर बसलं. लग्नाला निघालेल्या गाडीत तो वाजंत्र्यांचं सामान चढवत होता. वरचा समोरचा एक दात मुळासकट निघून धुळीत पडला.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. जळगाव जामोदच्या आसपास तुळशीरामसारखी सनई कोणी वाजवत नसे.

"आता फुकू कसा मी?" रक्त थुंकत तो सारखा तेच विचारत होता.

कोणी म्हणालं, तंबाखू दाबा. कोणी म्हणालं, हळद भरा. त्याची बायको चांगुणा कोणाचंच ऐकत नव्हती. तिनं दात पदरात उचलला आणि नवऱ्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "मुळाला हात लावू नका. घासू तर मुळीच नका." दातावर स्वच्छ पाणी ओतून त्यांनी तो जागेवर बसवून पाहिला, पण तुळशीराम दर वेळी डोकं मागं ओढी. शेवटी त्यांनी हिरडीच्या खाचेवर कापडाची घडी दाबून धरायला दिली. "दात गालात धरा. सुकू देऊ नका, गिळू नका. खामगावला दातांचे डॉक्टर आहेत. मिळेल त्या गाडीनं निघा. उशीर झाला तर दात हिरडीत पुन्हा धरायचा नाही."

एसटीत तुळशीरामला चैन नव्हतं. बसे, उठे, खिडकीतून पुढचा रस्ता पाही. प्रत्येक खड्ड्याला चांगुणा विचारी, "हाये ना?" तो मान हलवी.

पूर्णा नदीच्या अलीकडे टायर बसलं. ड्रायव्हर खाली उतरला, तसा तुळशीरामही उतरला. गाडीला दोन फेऱ्या घातल्या आणि तडक खामगावच्या दिशेनं चालायला लागला.

चांगुणानं धावत जाऊन दंड धरला. "पायी जाता काय खामगावले?"

तेवढ्यात त्याला ठसका लागला. डोळे पांढरे झाले. तो गळा चाचपू लागला.

"गिळला काय? आ करा! आ करा म्हन्ते ना!"

दात जिभेखाली गेला होता. तुळशीरामचा जबडा थरथरत होता.

"तुमच्यानं नाही होत. आना इकडं," ती म्हणाली. मुळाला हात न लावता तिनं दात काढला आणि सरळ आपल्या गालात ठेवला.

गाडी सुरू झाल्यावर शेजारच्या बाईनं चांगुणाला विचारलं, "काय झालं वो तुमच्या मालकाले?" चांगुणानं नुसता हात हलवला. बाई रागावून तोंड फिरवून बसली.

खामगावला डॉक्टरांनी खाच पाहिली. "दात कुठं आहे?"

चांगुणानं तो तोंडातून काढून तळहातावर ठेवला. डॉक्टरांनी तो जपून उचलला. मग म्हणाले, "ओला आहे. बघू या."

त्यांनी दात बसवला, बारीक तारेनं शेजारच्या दातांना बांधला. "धरेल असं वचन देत नाही. मी सांगेपर्यंत सनई बंद."

त्या लग्नात तुळशीरामचा भाऊ शेषराव वाजवून आला. सारी लग्नसराई तुळशीराम घरात येरझारा घालत राहिला. सनईचा सूर कानावर आला की उठून शेताकडं निघून जाई.

पाऊसकाळ सरता सरता डॉक्टरांनी तार काढली. दात जरा काळवंडला होता, पण पक्का होता. घरी येऊन तुळशीरामनं सनई ओठांना लावली. पहिला सूर फाटला. दुसरा नीट निघाला.

"दुखते काय?" चांगुणानं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.