कापराची वडी

अंबाबाईच्या डब्यात ओवा होता, वेखंड होतं, बाळंतशेपा होत्या, वाळलेली तुळस होती. ओव्याचा शेक, वेखंडाचा लेप हे गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्याच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते त्या डब्यात मागून घुसलेल्या कापराशी.

कापूर घुसला कोरोनाच्या सालात. ओवा-कापराची पुरचुंडी हुंगली की अंगातला ऑक्सिजन वाढतो, असं कुणीतरी मोबाईलवर धाडलं आणि गावानं गळ्यात पुरचुंड्या बांधल्या. अंबाबाईनंही बांधली. ती मेली नाही, म्हणून कापूर औषध ठरला. किराणा दुकानातली पूजेची वडी ती. मग अंबाबाई ती तेलात खलून लेकरांच्या छातीला चोळायला लागली. चार-पाच वर्षांत लोक म्हणायला लागले, अंबाबाईचं पूर्वापारचं औषध! परंपरा व्हायला आपल्याकडं एवढाच वेळ पुरतो.

तिच्या सुनेची, चंदाची पोरगी अजून न्हाणीतली, तान्ही. सकाळपासून तिचं नाक चोंदलं होतं, दूध ओढता येईना. अंबाबाईनं कोमट तेलात कापूर खलला, छातीला चोळला, पाठीला चोळला. उरलेली चिमूट आईच्या दुधात कालवून बोटावर घेतली.

"आत्याबाई, वास लय उग्र यायलाय. चाटवू नका," चंदा म्हणाली.

"तुझा नवरा कुणी वाढवला? तुझ्या मायनं का?" अंबाबाईनं बोट लेकराच्या तोंडात घातलं. "बाळंतिणीनं लय डोकं चालवू न्हाई. केस गळत्यात."

थोड्या वेळानं पोरगी ताठ झाली. डोळे वर गेले, मुठी झटके द्यायला लागल्या. चंदाचा नवरा बिरदेव मेंढरं वाड्यात तशीच सोडून शेजाऱ्याची जीप घेऊन आला.

गंगाखेडच्या दवाखान्याच्या रस्त्यावर अंबाबाई लेकाला म्हणाली, "डब्याचं नाव काढू नको. मागं त्या डॉक्टरनं माझी पुरचुंडी समद्यांम्होरं कचऱ्यात टाकली. मेंढरं राखा म्हणला, माणसं आमी बघतो."

डॉक्टर खरंच तसं बोलला होता. बिरदेव तिथंच उभा होता तेव्हा, मान खाली घालून.

दवाखान्यात तोच डॉक्टर. त्यानं विचारलं, "घरचं काही दिलं होतं का? काढा, चाटण, काही?"

"न्हाई साहेब. आईचं दूध," बिरदेव म्हणाला.

नर्सनं लेकराचं अंगडं काढलं. "सर, कापराचा वास येतोय."

"आरती केलती," बिरदेव म्हणाला.

देवाचं नाव आलं की पुढं कोण विचारणार? डॉक्टरच्या दारात रांग होती. ताप मेंदूत गेला असेल म्हणून त्यानं त्याच वाटेनं उपचार धरले. सुई टोचली, सलाईन लावलं.

चंदा भिंतीला टेकून उभी. धन्यानं एकदा सांगितल्यावर सुनेनं दुसरं बोलायचं म्हणजे चारचौघात त्याला खोटं पाडायचं. त्या घरात अशी बाई माहेरी धाडतात आणि आणायला कुणी जात नाही. तिला ते ठाऊक होतं. पोरीला पुन्हा झटका आला. तोंडाला फेस आला.

"ह्यांनी खोटं सांगितलंय," चंदा म्हणाली. "कापूर चोळलाय. चाटवलाय बी."

"चंदे!" बिरदेव ओरडला.

त्याच्याहून मोठ्यानं डॉक्टर ओरडला, "आता सांगता? जनावरं आहात का तुम्ही?" आधी त्यानं पोटभर शिव्या दिल्या आणि मग कामाला लागला. पोरीच्या अंगावरचं तेल पुसलं, नळी घातली, परभणीला न्यायची तयारी केली. गाडी दारात लागली तोवर पोरगी संपली होती.

घरी आल्यावर चंदाचा पान्हा थांबेना. छाती दगडासारखी झाली, चोळी भिजून चिकटली. अंबाबाई परातीत मोगऱ्याची फुलं घेऊन आली. छातीला मोगरा बांधला की दूध आटतं, हे तिला तिच्या सासूनं शिकवलेलं.

"आधी म्हणा, कापरानं गेली," चंदा म्हणाली.

"तू मधीच बोललीस. डॉक्टरनं विलाज बदलला, त्यानं गेली," अंबाबाई म्हणाली. बिरदेव बाजूला बसून होता.

चंदानं परात पायानं सरकवली.

तेवढ्यात वरच्या आळीचा मुंजाजी अंगणात आला. "अंबाकाकू, येळ न्हाई हे, कळतंय मला. पर तान्हा नातू रातभर खोकायलाय. जरा चोळता का?"

अंबाबाईनं डोळे पुसले आणि डबा उचलला. ती खरंच रडत होती आणि खरंच निघाली होती.

चंदा मागोमाग चालत गेली. भिजल्या चोळीनं, डोक्यावर पदर नाही. मुंजाजीच्या ओट्यावर उभी राहून म्हणाली, "मामा, त्या डब्यातल्या कापरानं माझी पोरगी मेली. आत्याबाईंनीच चाटवला."

"पोरी, दुःखात माणूस काय बी बोलतंय," मुंजाजी म्हणाला. "जा घरी, वारं लागंल." बायका जमल्या. एक म्हणाली, हिची सावली पडू देऊ नका आतल्या बाळंतिणीवर. अंबाबाई खाली मान घालून आत गेली.

आत मुंजाजीच्या सुनेनं लेकरू पदराखाली ओढलं. सासऱ्याकडं तिनं बघितलं नाही.

"डबा भाहीर ठिवा," ती म्हणाली.