दोऱ्यानं बांधलेला हुर्डा

गेल्या वर्षी पोरीच्या लग्नात माही जीभ जराशी सैल सुटली. पोरीचे सासरे, इवाई भगवंतराव पंगतीत बसले होते, अन् मी, म्हणजे पंजाबराव, हातात बुंदीचं ताट घेऊन सगळ्यायसमोर बोललो, "इवाईबुवा, दिवाळी झाली का हुर्डा खायाले या. माह्या वावरातला हुर्डा खासान तं बोटं चावसान!" कोणी विचारलं होतं? कोणीच नाही. पण आपल्याच तोंडाले कुलूप कुठून लावावं?

यंदा पोळ्यापासून पावसानं जी पाठ फिरवली ते फिरवलीच. आमचा दर्यापूरकडचा भाग खारपाणपट्टा. विहिरीत पाणी हाय, पण खारट. पिकाले देल्लं तं पीकही जाते अन् वावरही. ज्वारी कंबरेएवढी होऊन थांबली. कणसं आली, पण सारी पोचट. वावराकडं पाहून मले रडू येत होतं, म्हणून मी धुऱ्याच्या बांधापर्यंत जायचो अन् तिथूनच माघारी फिरायचो.

अन् त्यातच भगवंतरावाचा फोन. "रविवारी येऊन राहिलो, हुर्ड्याले!"

माही बायको सत्यभामा म्हणाली, "खरं सांगून टाका. त्यायच्या अकोल्याकडं काय येगळा पाऊस पडला?"

"अवं, पोरीच्या सासऱ्यापुढं नाक कापून घेऊ का?"

"तुमचं नाक हाय का काकडी, दर वेळी कापल्या जाते!"

शनिवारी भरल्या जीपमध्ये सोताले कोंबून दर्यापूरच्या बाजारात गेलो. एका बाईजवळ वरूडकडची, गोड्या पाण्याची टपोरी कणसं भेटली. पोतडंभर घेतली. रविवारी फटफटलं तसे आमी नवराबायको वावरात. पोचट कणीस मोडायचं अन् त्याच्या जागी बाजारचं कणीस गोधडीच्या हिरव्या दोऱ्यानं बांधायचं. साठीचा माणूस मी, ज्वारीच्या ताटाले कणसं बांधून राहिलो! सत्यभामा सारखी बडबडत होती, पण गाठी तिच्याच चांगल्या बसत होत्या.

भगवंतराव आले. "पाव्हण्यानं कणसाले हात नाही लावाचा, आमच्यात तशी रीत हाय," म्या ठोकून देल्लं. कसली रीत? तवाच पैदा झाली होती ते. मीच कणसं तोडली, आगटीत भाजली, तळहातावर चोळली. इवायानं गूळ-चटणीसंगं पोटभर हुर्डा खाल्ला. बोटं नाही चावली, पण डोळे भरून आले त्यायचे.

"पंजाबराव, आमच्याकडं यंदा काहीच नाही," ते म्हणाले. "बियाचंही राहिलं नाही. तुमची गीतांजली म्हणे, माह्या बाबाचं वावर कधी दगा देत नाही, त्यायच्या इथलंच बी आणा. चार चांगल्या कणसायले खूण करून जातो. वाळली का घेऊन जाईन."

अन् त्यायनं खिशातून लाल दोरा काढला. आमच्याकडं बियाचं कणीस असंच राखतात. दोरा बांधला का मंग त्याले कोणी तोडत नाही.

घ्या! मी उठाच्या आत भगवंतराव ज्वारीत शिरले. एका टपोऱ्या कणसाले हात घातला अन् थांबले.

"वा इवाई! तुमी तं आदीच दोरे बांधून ठेवले. यालेच म्हणतात कास्तकार!"

वरून शाबासकी भेटली मले! गप राहिलो असतो तं निभून गेलं असतं. पुढं कुठलं तरी बी बाजारातून आणून देल्लं असतं. पण बाबाच्या भरोशावर पोरीच्या वावरात कोण्या मातीचं, कोण्या पाण्याचं बी पडलं असतं देव जाणे. उगवलं नसतं तं? तिच्या घरच्या वर्षभराच्या भाकरी होत्या त्या.

"इवाईबुवा, ते बी नाही. ते कणीस बाजारचं हाय," म्या म्हटलं. "वढून पाहा."

त्यायनं वढलं. कणीस हातात आलं, दोरा ताटाले लोंबत राहिला. भगवंतराव एकेक कणीस पाहत पुढं गेले. दोरा. दोरा. दोरा. सत्यभामानं पदर तोंडाले लावला, हसत होती का रडत होती मले समजलं नाही. मले तं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पार खालच्या अंगाले, जिथं पावसाळ्यात पाणी साचते, तिथं ते वाकले. "इकडं या," म्हणाले.

एक बुटकं ताट होतं. कणीस मुठीएवढंही नाही, पण दाणा भरला होता. बाजूले अजून दोन तशीच.

"याले दोरा नाही," भगवंतराव म्हणाले.

"नाही. ते... ते माहं हाय." या महिन्यात मी तिथवर गेलोच नव्हतो, रडू येते म्हणून; सकाळी दोरे बांधतानाही नाही.

"अशा साली ज्यानं दाणा धरला, तेच खरं बी," ते म्हणाले, अन् तिन्ही कणसायले लाल दोरा बांधला. मंग माह्याकडं पाहून हसले. "पंजाबराव, माह्या घरीही आज निघताना बायको म्हणे, इवायाले सांगू नका आपल्याकडं काही नाही म्हणून."

आता मी रोज सकाळपासून तिथं बसतो, पाखरं हाकलतो. एवढ्या वावराचा मालक, अन् तीन कणसायची राखण करून राहिलो. सत्यभामा भाकर घेऊन येते अन् मले हसते. हसू दे.

गीतांजलीचा फोन आला होता. "बाबा, म्या म्हटलं होतं ना, आपलं वावर दगा देत नाही?"

"नाही देत, बाई," म्या म्हटलं. "वावरानं नाही देल्ला. तुहा बापच देऊन राहिला होता."