तपासनीसबाईंचा भाऊ

नगरपालिकेत तिला सगळे तपासनीसबाई म्हणत. पूल, शाळा, टाकी, काहीही बांधलं किंवा दुरुस्त केलं की तिच्या सहीशिवाय ते खुलं होत नसे. नियमच तसा होता: तपासनीस इंजिनिअरच हवा, दहा वर्षं काम केलेला हवा, आणि त्याला काढायचं तर तीन चतुर्थांश सभासदांनी कारण लेखी द्यायचं. त्यामुळे अकरा वर्षांत तिने कुणाचीच भीडभाड ठेवली नव्हती.

बाजारामागच्या पाण्याच्या टाकीवर ती स्वतः चढली होती. सोबत व्हॉल्व्हमन, टाकीखालच्या खोलीत राहणारा, साठीला टेकलेला माणूस. तिने खांबांवर हातोडी मारली. तीन खांब खणखणीत बोलले, चौथा बद्द.

"बाई, हा आजारी आहे ना?" त्याने विचारलं.

"आजारी नाही. मेलाय," ती म्हणाली आणि टाकी रिकामी करायचा अहवाल दिला.

टाकीची दुरुस्ती नगराध्यक्षांच्या मेहुण्याने नुकतीच केली होती. पुढच्याच सभेत, दुपारच्या चहाआधी, नियम बदलला. 'इंजिनिअर' गेलं, तिथे 'सभागृहास योग्य वाटेल अशी व्यक्ती' आलं. काढायला साधं बहुमत पुरे झालं. चहानंतर तिला काढलं.

हे तिने सोसलं असतं. पण तिच्या जागी नेमलं कुणाला, तर तिच्याच धाकट्या भावाला.

आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. तिनेच त्याला शाळेत घातलं, त्याच्यापायी स्वतःचं लग्न दोनदा पुढे ढकललं, ते राहिलंच. तो मनाने वाईट नव्हता. पण आरंभशूर. कशातच टिकला नाही, आणि गेली दोन वर्षं नगराध्यक्षांच्या मागेपुढे फिरत होता.

तो पेढे वाटायला यावं तसा आनंद चेहऱ्यावर घेऊन आला. "ताई, खुर्ची बाहेरच्याला जाण्यापेक्षा घरातच राहिली. तू मला शिकव ना."

"चार वर्षं कॉलेज आणि वीस वर्षं काम. कधीपासून बसतोस शिकायला?"

त्याचा चेहरा पडला. "मी आयुष्यभर तुझा बंडू, नाही का? मला कधी काही जमणारच नाही."

"बंडू, ऐक." तिने त्याचा हात धरला. "बाकी कशावरही सही कर. त्या टाकीवर करू नकोस. चौथा खांब आतून गेलाय."

"ठेकेदाराच्या इंजिनिअरने लिहून दिलंय, मजबूत आहे म्हणून. मी नाही म्हणायचं ते कशाच्या जोरावर? मला त्यातलं काय कळतं?"

"कळत नाही, म्हणूनच नाही म्हण."

त्याने हात सोडवून घेतला. आठवड्याने त्याने सही केली. तिने वर पत्रं लिहिली. गेलेल्या खुर्चीची पोटदुखी, असं लोक म्हणाले.

टाकी पडली सकाळी अकराला. रस्ता सुदैवाने मोकळा होता. खालच्या खोलीत व्हॉल्व्हमन होता. त्याचं प्रेत काढायला संध्याकाळ झाली.

नगराध्यक्षांनी हात वर केले. "सही कुणाची? तपासनीसाची. आम्ही तर त्यांच्यावर विसंबलो." मेहुणा गावाला गेला. उरला बंडू.

तो तिच्या स्वयंपाकघरात येऊन जमिनीवर बसला. "ताई, चौकशीत तुला बोलावतील. एवढंच सांग की कागदावरून कळण्यासारखं नव्हतं. ते खोटं नाही ना?"

"नाही. ते खरंच आहे."

"आणि आपल्या दोघांतलं… ते कुणाला ठाऊक नाही."

तिने त्याला जेवायला वाढलं. तो लहानपणी जेवायचा तसा, मान खाली घालून जेवला.

चौकशी अधिकारी म्हातारे, शांत गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "शिक्षण नसलेल्या माणसाला हा दोष कळला असता?"

"नाही."

"मग त्यांना तो माहीत नव्हता, असं म्हणायचं?"

पहिल्या रांगेत व्हॉल्व्हमनची बायको बसली होती. शेजारी बंडू. ताईकडे बघत होता.

"माहीत होतं," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं. माझ्या घरी, त्याचा हात धरून."

बंडूने मान फिरवली.

बंडूला चार वर्षांची शिक्षा झाली. नगराध्यक्षांवर काहीच शाबीत झालं नाही. त्यांची सही कुठे नव्हतीच. गवगवा झाला म्हणून नियम मात्र पूर्वीसारखा झाला, उलट आणखी कडक. तिला परत बोलावलं. ती गेली. लोकांनी हार आणला होता, तो तिने घेतला नाही.

महिन्यातून एकदा ती तुरुंगात भेटीला जाते. तिसऱ्या खेपेलाही शिपाई आतून एकटाच आला.

"बाई, ते नाही म्हणतायत."

"माझं नाव सांगितलंत?"

"'मला बहीण नाही' म्हणाले." शिपाई ओशाळला. "तुम्ही कशाला थांबता आता?"

"वीस मिनिटांची भेट आहे ना माझी?"

"हो."

"मग बसते," ती म्हणाली, आणि जाळीपलीकडच्या रिकाम्या स्टुलासमोर वेळ संपेपर्यंत बसून राहिली.