कड्याखालचं घर

"ए वागये, तुझी पेली ती कोपऱ्यातली! टवका उडालेली!" कॉफीला जमलेल्या चारचौघींत मी वरडले.

माझ्या धाकट्या जावेनं, वागयेनं, उठून ती घेतली. वरचा ओठ सुजून नाकाला टेकलेला, लालभडक, वर खपल्या. दुखत नव्हता, खाजत नव्हता, पर वरीस झालं तरी उतरतबी नव्हता. तोंडावरची पांढरी ओढणी जरा सारून ती भिंतीकडं बघत कॉफी प्याली.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. कड्याखालचं घर मला हवं होतं. थोरली मी! दारात जवाचं रान, हाकेवर झरा. पर सासूनं ते वागयेच्या पदरात टाकलं. लग्नात बाया जीभ हलवून आनंदाची किलकारी देतात, त्यातबी तीच म्होरं. म्हनलं, दे आता त्या ओठानं!

"वटवाघूळ मुतलं तिच्यावर," बाया म्हनायच्या.

नर्सबाई आली ती हसलीच. "वटवाघूळ कुठलं? हा कुंचिर, कातडीचा रोग. कपारीत ती सशाएवढी जनावरं राहतात ना, त्यांच्यातून डासाहून बारीक माशी तो माणसाला आणते. उष्ट्यानं लागत नाही. पण तिन्हीसांजेला कड्याखाली बसू नका."

वागये दोन महिने सुया घ्यायला शहरात गेली. सासू मला म्हनली, "शिताये, तवर तिचं घर तू बघ."

मी उडतच गेले. रोज तिन्हीसांजेला कड्याच्या पायथ्याशी आमच्या रीतीनं गवत पसरून कॉफीच्या बिया भाजत बसायची, येनाऱ्या-जानाऱ्या बायांना दिसावं म्हनून.

"अगं, नर्सबाई काय म्हनली?" बाया इचारायच्या.

"माशी काय ओठ बघून बसती व्हय? जळता नुसत्या!"

वागये परतली. सूज उतरलेली, नुसता पांढरट वण. मेली हसली की त्योबी शोभायचा.

पुढच्या पेरणीला माझ्या ओठावर पुटकुळी उठली. दुखंना, खाजंना. बघता बघता ओठ बोराएवढा झाला.

एके दिशी कॉफी वागयेकडं हुती. मीच कोपऱ्यातली टवक्याची पेली उचलली. तिनं ती हातातनं काढून घेतली.

"जाऊबाई, उष्ट्यानं लागत न्हाई." आपल्या सोनेरी काठाच्या पेलीत तिनं मला पहिल्या उकळीची, मानाची कॉफी दिली आन् टवक्याची सोता घेतली.

"किती मोठं मन गं!" बाया म्हनल्या.

मी घोट घेतला. निम्मा हनुवटीवरनं सांडला.

"उद्या जाऊ सुयांना, मी येते संगट," वागये म्हनली. "वाट ठावं हाय मला."

घर तिचं, बरा झालेला ओठ तिचा, आता मोठेपनाबी तिचाच. रांड, तेवढा तरी माझ्यासाठी ठेवायचा हुता.