‘गाडी निघाली’

दीपमाला ओव्हाळ शहराच्या पोलीस कंट्रोल रूममध्ये शंभर नंबरचे फोन घ्यायची. सहा वर्षं त्याच टेबलावर काढल्यामुळे खरा अडलेला माणूस तिला पहिल्या दोन शब्दांतच ओळखू यायचा.

२००६च्या एप्रिलमध्ये, एका दुपारी, तिनं उचललेल्या फोनवर एक बाई बोलली.

"माल्याच्या फुडं, उताराच्या वळनावर या. आमच्या मालकास्नी ट्रकनं उडवलंय. लई रगत जातंय."

माले मुळशी तालुक्यात येतं. शहराची हद्द त्याच्या बरीच अलीकडे संपते. पण मोबाइलवरून शंभर दाबलं की जो टॉवर पकडेल तिकडं फोन जायचा, आणि त्या पट्ट्यातले बरेच फोन शहरात येऊन पडायचे. दीपमालाला तिकडं गाडी पाठवता येत नव्हती. तिच्या वायरलेसवरून तालुक्याची जीप बोलत नव्हती. साध्या फोनवरून जिल्ह्याच्या कंट्रोलला कळवायचं, एवढंच तिच्या हातात होतं. तिकडं लाइन एकच होती, आणि ती व्यस्त लागत होती.

तिनं नाव लिहून घेतलं. जखमी भिकाजी, ग्रामपंचायतीत पाणी सोडणारा. फोन करणारी त्याची बायको अनुसया; मोबाइल रस्त्यानं जाणाऱ्या कुणाचा तरी. मग ती पुन्हा पुन्हा नंबर फिरवत राहिली. दहा मिनिटं गेली. तेवढ्यात अनुसयाचाच दुसरा फोन आला.

"बाई, गाडी निगाली का?"

दीपमालाच्या दुसऱ्या कानाला तेव्हाही व्यस्तचाच सूर वाजत होता. बाईचा आवाज आता रडका नव्हता, अगदी कोरडा झाला होता. दीपमाला म्हणाली, "निघाली. धीर धरा, ताई."

खरी गाडी त्यानंतर पंचवीस मिनिटांनी निघाली. ती वळणावर पोचली तेव्हा भिकाजी गेला होता.

पुढच्या आठवड्यात फौजदार जनार्दन पाटणकरांनी तिला बोलावलं. दोन्ही कंट्रोल रूम थेट जोडणारी हॉटलाइन आणि तालुक्यासाठी आणखी एक जीप, असा प्रस्ताव ते तीन वर्षं पाठवत होते. दर वेळी तो निधी नाही म्हणून परत यायचा.

"या प्रकरणाचा अहवाल जोडून पुन्हा पाठवतो," ते म्हणाले. "मिनिटामिनिटाचं लिहा."

तिनं लिहिलं. जनार्दनसाहेबांनी वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "गाडी निघाल्याचं सांगितलं, ही ओळ काढा, ओव्हाळ."

"पण मी तसं म्हणाले, साहेब."

"म्हणालात ते धीर द्यायला. वर कुणी हे वाचलं की म्हणतील, चूक ऑपरेटरची आहे, तिला ट्रेनिंगला पाठवा. फाइल तिथंच मिटेल. तुमच्या खरेपणानं त्या वळणावर जीप येणार आहे का?"

तिनं ओळ काढली. घरी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

मंजुरी यायला दोन वर्षं लागली. हॉटलाइनचा फोन तिच्याच टेबलावर बसवला. पहिल्याच महिन्यात घाटात एक व्हॅन कलंडली आणि नवी जीप अकरा मिनिटांत पोचली. आतली चारही माणसं वाचली. जनार्दनसाहेबांनी सगळ्यांना पेढे वाटले. दीपमालानं पेढा हातात घेतला आणि तसाच कागदात बांधून ठेवला. त्या रविवारी ती एसटीनं माल्याला गेली.

अनुसया ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. दीपमाला जयभीम म्हणाली, आपण कोण ते तिनं सांगितलं. अनुसयानं पाट सरकवला.

"आवाज वळखीचा वाटला मला," ती म्हणाली. "धीर धरा म्हनलेल्या तुमीच न्हवं?"

"हो." दीपमालानं हॉटलाइनचं सांगितलं, जीपचं सांगितलं. भिकाजीच्या प्रकरणामुळे हे झालं, तेही सांगितलं. मग म्हणाली, "त्या दिवशी मी गाडी निघाली म्हणाले. तेव्हा निघाली नव्हती. माझा फोनच लागला नव्हता अजून."

अनुसयाचा हात सुपात थांबला.

"निगालीच न्हवती?"

"नाही."

"कांद्याचा एक टेम्पो थांबला हुता तवा," अनुसया सावकाश म्हणाली. "पोती खाली टाकतो, पौडच्या दवाखान्यात नेतो म्हनत हुता. म्हनून तर तुमास्नी इचारलं मी. तुमी निगाली म्हनलात. मग मीच त्याला म्हनलं, जावा दादा, पोलिसांची गाडी येतीया, उचलाउचलीत आनखी रगत जाईल."

टेम्पोचं दीपमालाला कुणीच सांगितलं नव्हतं.

"दोन वर्सं मी म्हनत आले, गाडी निगाली हुती, वाटंत उशीर झाला. कुनाचा दोस न्हाई," अनुसया म्हणाली. "ते बरं हुतं. आता टेम्पोला मी जा म्हनलं, तेवढंच ऱ्हायलं. हे सांगाया कशापायी आलात?"

"मला राहवेना, ताई."

"तुमचं हलकं झालं."

अनुसयाच्या बोलण्यात राग नव्हता. तिनं विचारलं, "आता लागतो का फोन?"

"लागतो. लगेच उचलतात."

"बरं झालं," ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

परतीची एसटी पाचला होती. दीपमाला पाटावर तशीच बसून राहिली. आतून चूल पेटवल्याचा धूर आला, भांड्यांचा आवाज आला. तिला कुणी बसा म्हटलं नाही, जावा असंही म्हटलं नाही.