दोन बोटं जास्त

गणपतरावांनी अकरा सेकंदांसाठी एकशे बत्तीस चित्रं काढली. त्यांत दुसरं काही नव्हतं. चुलीवर पालथं मडकं, त्याच्यापुढं बसलेली रुख्मिणी, आणि तिच्या हातांवर ताणत जाणारी लंबी रोटी. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं. घरात फोटो होते, पण त्यांत ती ताठ बसलेली. हलताना ती कुठंच नव्हती. वीस वर्षं लोकांच्या लग्नकार्यात रोट्या करणाऱ्या बाईचा व्हिडिओ काढावा असं कोणाला सुचलं नाही, नवऱ्यालाही नाही. म्हणून लकडगंजातलं लाकूड चिरायच्या आरा मशीनवरचं काम सुटल्यावर ते नंदनवनातल्या ॲनिमेशनच्या क्लासला जाऊन बसले. बाकीची पोरं विशीतली, हे एकसष्टचे.

रविवारी सगळ्यांच्या पहिल्या फिल्मा घरच्या लोकांना दाखवायच्या होत्या. त्याआधी सुशील सर एकेकाची पाहून चुका सांगत. सर पुण्याचे, नागपुरात येऊन तीन महिने झालेले. माणूस गुणी, पण लंबी रोटी करताना त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"काका, चित्रं छान आहेत," ते म्हणाले, "पण हे रबर झालंय. कणीक कोपरापर्यंत ताणली तर तुटेल ना. अर्धी करा."

मागून भूमिका नावाची पोरगी हळूच म्हणाली, "च्युइंगम आहे सर ते." पोरं हसली.

गणपतरावांनी सांगून पाहिलं, की ही कणीक पाणी घालून, परातीत आपटून आपटून सैल केलेली असते, ती तुटत नाही. सर म्हणाले, असेलही तसं, पण पाहणाऱ्याला पटलं पाहिजे. अर्धी केल्याशिवाय रविवारच्या यादीत घेता येणार नाही.

गणपतराव तिथून उठले ते थेट वाठोड्याला गेले. रुख्मिणीच्या शेजारी बसून तितकीच वर्षं रोट्या केलेली सत्यवती तिथं राहते. त्यांनी लॅपटॉप तिच्या ओसरीत आट्याच्या पोत्यावर ठेवला आणि म्हणाले, भीड ठेवू नको, खोट काढ.

सत्यवतीनं हात पुसले आणि तीनदा पाहिलं.

"कणीक कमीच ताणली भाऊजी. तिची याच्याहून दोन बोटं लांब जाये."

गणपतरावांची छाती फुगली. पण ती थांबली नाही.

"अन् ही रुख्मिणी नाही. ही बाई रोटीकडं पाहून राहिली. ती कधी रोटीकडं पाहे? तिचं सारं ध्यान पंगतीत. कोणाचं पान रिकामं दिसलं का तिथूनच वाढणाऱ्याले हाक मारे. रोटी तर हातच करत."

चूक कुठून आली हे गणपतरावांना लगेच कळलं. आरा मशीनवर पात्यावरून नजर हलली की बोट गेलं. चाळीस वर्षं त्यांनी खाली मान घालून काम केलं होतं, आणि बायकोलाही आपलेच डोळे लावून दिले होते.

घरी येऊन त्यांनी चित्रातली मान उचलायला घेतली. एकशे बत्तीस वेळा. पंगत त्यांनी काढली नाही. ती पडद्याच्या अलीकडं, पाहणारे बसतात तिथं धरली, आणि रुख्मिणीची नजर तिकडं लावली. ते झाल्यावर कणीक दोन बोटं वाढवली.

शनिवारी सरांनी फिल्म लावली आणि कपाळाला हात लावला.

"काका, मी कमी करा म्हणालो होतो."

"म्हणाले होते तुम्ही. जिथं चूक होती तिथं म्या दुरुस्त केलं. मान चुकली होती, कणीक नाही." गणपतरावांनी हात पुढं केला. "दाखवाची असन तर अशीच दाखवा. नाही तर पेनड्राइव्ह वापस द्या. वाठोड्यात चार बाया आहेत, त्याइले दाखवतो. त्याइले समजावून सांगा लागत नाही."

या खेपेला कोणी हसलं नाही. सरांनी पेनड्राइव्ह काढला नाही. त्यांनी फिल्म पुन्हा लावली, मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा ते खुर्चीतून जरा बाजूला सरकले.

"काका, या बाई माझ्याकडंच बघतायत," सर म्हणाले.

"तुमचं पान रिकामं दिसलं असन," गणपतराव म्हणाले. हात त्यांनी तसाच पुढं ठेवला होता.