पाळीखालचं पाणी

वैजीनाथाला सरपंचकी मिळाल्यापासून त्याला घरच्या माणसांना विचारायची सवयच राहिली नव्हती, ही गोजरबाईची तक्रार होती. ती तक्रार ती चुलीपुढं बसून भिंतीला, मांजराला आणि सुनेला सारखीच ऐकवायची.

"धा माणसं जेवायला आणतो अन् सांगतो कवा? ती दारात चपला काढायलीत तवा! अन् ते बी शनवारी मटन! माझ्या सासूच्या राज्यात शनवारी ह्या चुलीवर कांदा चिरला न्हाई. शिवकन्या, तुज्या नवऱ्याला इचार, माय हाय का खानावळवाली?"

"इचारलं की," शिवकन्या भाकरी उलटत म्हणाली. "म्हनले, खानावळवाली परवडली, ती बोलत तरी न्हाई."

गोजरबाईला हसू आलं. ते लपवायला तिनं मिरच्यांवर वरवंटा जरा जास्तच जोरात आपटला.

पाहुणे तलावाचे होते. जिंतूर तालुक्यात, चारठाण्याच्या अलीकडच्या त्या गावचा मातीचा तलाव बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी डोक्यावर पाट्या वाहून बांधलेला. पन्नास वर्षं त्यात म्हशी बसल्या आणि धुणी धुतली गेली. आता वैजीनाथानं तिथं बदकाच्या आकाराच्या दोन नावा सोडल्या, बांधावर, म्हणजे पाळीवर, झोके टांगले, तोंडाला फाटक बसवलं. रविवारी सेलूहून, परभणीहून मोटारी यायच्या. नावा छान फिरायच्या तर तलाव काठोकाठ भरलेला हवा. म्हणून जादा पाणी निघून जायची जी वाट, तो सांडवा, त्यानं वाळूच्या गोण्या रचून दोन हात उंच केला.

पाळीच्या खाली, ऐन उतरणीला, बौद्धवस्तीची बावीस घरं होती. पाहुण्यांना बरं दिसत नाही म्हणून वस्तीनं पाळीवर पाय ठेवायचा नाही, असा नियम निघाला. तो कुठल्या कागदावर नव्हता. फाटकावर वैजीनाथ उभा असायचा, तेवढं पुरेसं होतं. गावातल्या बायांचा घाट वर तसाच राहिला. वस्तीच्या बाया पायथ्याला झिरपून साचणाऱ्या डबक्यावर धुणं धुवायला लागल्या. त्यामुळं पाळीचा पायथा कसा आहे, हे गावात फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

"गोजरबाई, हाय का घरात?"

गोजरबाईच्या कपाळावर आठी चढली. अख्ख्या गावात तिला नुसत्या नावानं हाक मारणारी ही एकटीच. वस्तीतली चांगुणाबाई. वय तिच्याएवढंच, पाठ मात्र ताठ. हातात पाण्याची बाटली.

"ठेव तिकडं, ओट्याच्या कडंला. आत नको यिऊ, पाव्हणे हायत."

कडेला आधीच्या दोन बाटल्या तशाच उभ्या होत्या. घरातल्या कुणी त्यांना बोट लावलं नव्हतं.

"परवा निवळ व्हतं," चांगुणाबाई म्हणाली. "काल ताकावानी. आज बग."

"म्या काय बगू? सरपंचाला सांग."

"सांगितलं. म्हनला, धुनं तुमी धुता, गढूळ बी तुमीच करता. म्हनून आज दिस उगवायला, कुनी पान्यात पाय घालायच्या आधी भरून आनलं. त्याला माज्या तोंडचं पटत न्हाई. मायच्या तोंडचं पटंल."

"लय शानी झालीस, चांगुणे."

"शानी असते तर बहात्तरला तुज्या सासऱ्यानं तलावाची मुकादमकी मलाच दिली असती," म्हणून चांगुणाबाई उतारानं चालती झाली.

पाहुण्यांत तालुक्याहून आलेले पाहणीचे साहेब होते. हात धुताना ते म्हणाले, "सरपंच, खालून पाळ बघायची राहिली."

"तिकडं काय बगता साहेब? वस्ती हाय ती. चिखल हाय, डुकरं हायत. वरून समदंच दिसतंय की."

साहेबांनी वरून बघितलं. मग ते नावेत बसले, फोटो काढून घेतला आणि सही करून गेले.

दिवस कलताना गोजरबाई ओटा झाडायला आली. बाटल्यांपाशी केरसुणी अडली. बाजूला कुणी नाही असं पाहून तिनं पदर हाताला गुंडाळला आणि आजची बाटली उचलली. दिवसभरात पाणी निवळलं होतं. तळाला दोन बोटं माती बसली होती. काळीभोर.

तिनं झाकण काढून ती माती बोटांवर घेतली. आता पदर मध्ये राहिला नाही, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. तलावाचा गाळ भुरकट असतो, बोटावर सुटा होतो. ही माती मेणासारखी चिकटत होती. सोळा वर्षांची नवी नवरी असताना चार महिने तिनं हीच माती पायांनी तुडवली होती. पाळीच्या पोटात चर खणून ती भरली होती, पाणी अडावं म्हणून. चांगुणा पलीकडच्या रांगेत दगड वाहायची. तिला पाणी वरून ओतून द्यायचे.

पाळीचं पोट बाहेर पडायला लागलं होतं.

"सोमवारी काढतो गोण्या," रात्री तिनं मातीचं सांगितलं तेव्हा वैजीनाथ जेवता जेवता म्हणाला. "उद्या ऐतवार हाय, दोनशे माणूस येतंय."

"आज काढ. न्हाईतर खाली जाऊन बग तरी."

"मी? त्या बाईच्या सांगण्यावरून वस्तीत जाऊ? अन् तू कामून न्हाई जात मग?"

गोजरबाईलाही चांगुणेच्या सांगण्यावरून उतार उतरताना गावानं बघायला नको होतं. ती उठली, आणि ताटं शिवकन्येकडं सारून अंथरुणावर पडली.

रात्रीतून वरच्या अंगाला पाऊस झाला. सकाळी पाणी पाळीच्या माथ्याखाली हातभर राहिलं होतं. गोजरबाईला घरात चैन पडेना. ती तलावावर आली. वैजीनाथानं तिला फाटकाजवळ खुर्ची टाकून दिली. आई आपलं वैभव बघायला आली, असं त्याला वाटलं.

अकराच्या सुमाराला धम्मशीला पळत आली. चांगुणाबाईची सून, चोविशीची पोर. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं.

"सरपंच, खालून पानी फुटायलंय! मनगटावानी धार हाय, काळी. आमच्या आत्यानं समदी वस्ती साळंत नेली. नावा काठाला घ्या, लेकरं हायत त्यात!"

"हळू बोल," वैजीनाथ दातओठ खात म्हणाला. "पाव्हण्यांत बोंब मारू नको. इथं यायची बंदी हाय, म्हाईत न्हाई का?"

"पन नावा..."

"बगतो मी. तू जा साळंत."

ती पाळीवरून निघाली. पाळ ओलांडली की पलीकडं शाळा, दोन मिनिटांची वाट. वैजीनाथानं हात आडवा केला.

"इकडून न्हाई. खालच्या वाटेनं जा."

खालची वाट पायथ्याला लागून होती. धम्मशीलेनं एकदा गोजरबाईकडं बघितलं. गोजरबाईचे ओठ उघडले. शब्द आला नाही. पोरगी वळली आणि उतार उतरू लागली.

मग वैजीनाथानं शिट्टी वाजवली. नावा काठाला लागल्या, शेवटचं लेकरू उतरलं, झोक्यांवरची माणसं फाटकाकडं आली, आणि पाळ मधोमध खाली बसली. आवाज मोठा नव्हता. आधी झोका नाहीसा झाला, मग झोक्याखालची जमीन. तलाव त्या भगदाडातून असा निघाला की बावीस घरांची जागा कुठली, हे नंतर कुणाला दाखवता येईना.

पाहुण्यांतलं एकही माणूस गेलं नाही. वस्ती शाळेत होती, वाचली. धम्मशीला दुसऱ्या दिवशी कोसभर लांब बाभळीत सापडली. तिचा तीन वर्षांचा सुगत येईल त्याला विचारत होता, आई कवा येणार.

चौथ्या दिवशी जबाब घ्यायला साहेब लोक येणार होते. वैजीनाथ सकाळीच आईजवळ येऊन बसला. कितीतरी दिवसांनी असा बसला होता.

"माय, इतकंच म्हन. वस्तीवाल्यांनी मासे धरायला पाळ उकरली. ती पोरगी बी तिथंच मासे धरायली व्हती. वर आलीच न्हाई. तुजा शब्द कुनी मोडनार न्हाई."

"मोडनार न्हाई," गोजरबाई म्हणाली.

शाळेच्या व्हरांड्यात टेबल लावलं होतं. खाली सतरंजीवर चांगुणाबाई सुगतला मांडीवर घेऊन बसली होती. गोजरबाईला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"आजी, काय बघितलंत ते सांगा," टेबलामागचा साहेब म्हणाला.

"तुमाला मागून सांगते. आधी ह्याला." ती वैजीनाथाकडं वळली. "खाली नको बगू, माझ्याकडं बग. धम्मशीला पाळीवर आली व्हती. माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर उभी व्हती. ती खोटं बोलायली असं वाटलं असतं, तर तू शिट्टी मारली नसती. तुला पटलं व्हतं, वैजीनाथ. पाव्हण्यांची लेकरं तू तिच्या शब्दावर काठाला घेतलीस."

"माय, डोकं फिरलं का तुजं? घरी चल."

"घरी न्हाई. साहेब, माझं बी लिहा. आदल्या दिशी माती माझ्या बोटाला लागली व्हती, मला समदं कळलं व्हतं. मी खाली उतरले न्हाई. तिला हाक मारली न्हाई. ह्याची जी सजा हाय ती मला द्या, मी नको म्हननार न्हाई." ती परत वैजीनाथाकडं वळली. "पन तुला ठाऊक व्हतं खाली काय येनार ते. पाळीवरून दोन मिंटाची वाट व्हती. पाव्हण्यांच्या मधून तिनं चालू नये म्हनून तू तिला खाली धाडलंस. तू त्या पोरीला मारलंस, वैजीनाथ. माझ्या देखत मारलंस."